पूर्णा आजी बदलली

तामसीत बसून मराठी मालिका बघणाऱ्याला पुढे काय होणार याची फार धाकधूक नसते. शेजारच्या तेलुगू वाहिनीवर ते बहुतेक वेळा आधीच होऊन गेलेलं असतं. 'रंग माझा वेगळा'मधल्या कार्तिकला दीपावर संशय आला, तेव्हा आमच्या घरी आजी, आई आणि शेजारच्या काकू सगळ्या हळहळल्या. वहिनी मात्र शांतपणे कणीक मळत होती. तिला सगळं ठाऊक होतं. दीपाला जुळ्या मुली होणार, त्यातली एक आईपासून तुटणार आणि स्वतः डॉक्टर असलेल्या या माणसाला साधी एक तपासणी करून घ्यायला कित्येक वर्षं लागणार, हे तिने आम्हाला कितीतरी आधी सांगून टाकलं होतं. कारण तिच्या माहेरी, निर्मलला, हीच दीपा 'कार्तिक दीपम' या नावाच्या मालिकेत २०१७ पासून रडत होती. आपली दीपा आली २०१९ मध्ये.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तामसी हे आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव. उत्तरेला थोडं गेलं की पैनगंगा, आणि तिच्यापलीकडे महाराष्ट्र. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. भाषावार प्रांतरचनेत तो नांदेडला गेला, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. नात्यांची अशी वाटणी काही झाली नाही. आत्या किनवटला दिलेली, वहिनी निर्मलहून आणलेली. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी, आठवडी बाजारात समोरचा जी बोलेल ती. गोंडी आणि कोलामीही कानावरून जातात. डिशवाल्याकडे तेलुगूचं पॅकेज घेतलेलं आणि वर मराठी वाहिन्यांचे वेगळे पैसे भरलेले. असं घर असलं की मालिका बघणं हा प्रकारच बदलतो.

एकाच गोष्टीच्या दोन मालिका निघतात, हा योगायोग नसतो. स्टार प्रवाह आणि स्टार मा या एकाच घरच्या वाहिन्या. एका भाषेत गोष्ट चालली की ती दुसऱ्या भाषेत उतरते. दीपाची मूळ गोष्ट मल्याळम, 'करुत्तमुत्तु' नावाची. 'आई कुठे काय करते' आली बंगाली 'श्रीमोयी'वरून. तीच तेलुगूत 'इंटिंटी गृहलक्ष्मी' झाली, आणि हिंदीतली 'अनुपमा' तर सगळ्यांना माहीतच आहे. 'सहकुटुंब सहपरिवार' आणि तेलुगूची 'वदिनम्मा' या दोघींची आई तमिळ, 'पांडियन स्टोअर्स'. 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून आली. 'साधी माणसं' आणि 'गुंडे निंडा गुडी गंटलु' यासुद्धा तमिळ बहिणी. आमच्या वहिनीने ही वंशावळ कुठे वाचलेली नाही. मराठीचा पहिला आठवडा पाहूनच ती सांगते, "ही तर आमची ती."

नावांची गंमत मात्र आम्हाला उशिरा कळली. 'इंटिंटी गृहलक्ष्मी' म्हणजे घरोघरची गृहलक्ष्मी. म्हणजे बाईला पहिल्याच दिवशी पाटावर बसवून कुंकू लावलं. मराठीने त्याच गोष्टीला नाव दिलं 'आई कुठे काय करते'. हे वाक्य आपल्यापैकी कोणी म्हटलेलं नाही? शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायची वेळ आली की आपण हेच म्हणत होतो. तेलुगू नावात मान आहे, मराठी नावात टोमणा आहे, आणि गोष्ट एकच आहे. 'गुंडे निंडा गुडी गंटलु' म्हणजे काळीजभर देवळातल्या घंटा. आपल्याकडे तिचं झालं 'साधी माणसं'. वहिनी म्हणते, मराठी माणसं नाव ठेवतानासुद्धा काटकसर करतात.

आता भांडणाबद्दल. डिसेंबर २०१९ मध्ये 'आई कुठे काय करते' सुरू झाली, वेळ साडेसात. 'कार्तिक दीपम'चीही वेळ साडेसात. घरात टीव्ही एक. आजीला अरुंधती हवी, वहिनीला दीपा. तेलुगूत दीपाला सगळे 'वंटलक्का' म्हणतात, म्हणजे स्वयंपाकीण ताई. आमच्या घरातली वंटलक्का वहिनीच, तिने चुलीपाशी राहून आवाजावर समाधान मानायचं आणि आजीने समोर बसायचं, असं काही महिने चाललं. मग दादाने तोडगा काढला. सोमवार, बुधवार, शुक्रवार अरुंधती. मंगळवार, गुरुवार, शनिवार वंटलक्का. परिणाम असा झाला की दोघींनाही दोन्ही मालिका अर्ध्या अर्ध्या कळायच्या आणि उरलेली अर्धी एकमेकींना विचारावी लागायची.

तेव्हा वहिनीचं मराठी जेमतेम होतं. 'जेवलात का', 'पाणी देऊ का' यापलीकडे गाडी जात नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये 'इंटिंटी गृहलक्ष्मी' आली आणि तिची तुलसी म्हणजे आपली अरुंधती, हे वहिनीने लगेच ओळखलं. तिथे नंदू, इथे अनिरुद्ध. तिथे लास्या, इथे संजना. गोष्ट आधीच पाठ असल्यामुळे मराठी वाक्यांचा अर्थ तिला आपोआप लागायला लागला. मार्चमध्ये लॉकडाऊन झालं, चित्रीकरण थांबलं आणि जुलैपर्यंत नवे भाग आले नाहीत. त्या दिवसांत जुनेच भाग परत परत बघितले गेले आणि वहिनीचं मराठी अरुंधतीच्या तोंडून पक्कं झालं. पुढे एकदा दादाने जेवताना आवाज चढवला, तर ती शुद्ध मराठीत म्हणाली, "मला गृहीत धरू नका." दादाचा घास हातातच राहिला. आजी मात्र खूश! "शिकली माय माझी," म्हणाली.

अरुंधतीने घटस्फोट घेतला तेव्हा आमच्या घरी दोन दिवस फार शांतता होती. पन्नाशीकडे झुकलेली बाई सासर सोडून उभी राहते, हे आजीला पटत नव्हतं आणि तिची बाजू सोडवतही नव्हती. "काहून गप बसली ही इतकी वर्षं? आधीच बोलायचं न," असं ती टीव्हीला म्हणायची. आई काहीच बोलली नाही. पुढे आशुतोष आला, अरुंधतीचं दुसरं लग्न झालं, तेव्हा आई मला फोनवर म्हणाली, "बरं झालं." दोनच शब्द. मी हैदराबादला नोकरीला आहे, आईचा फोन रोजचाच असतो, पण असं मत तिने आयुष्यात कधी दिलं नव्हतं. नंतर मालिकेने आशुतोषला मारलं, त्याचा राग माझ्यापेक्षा आईला जास्त आला. शेवटी शेवटी मालिका दुपारी ढकलली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. आई तोवर दुपारचं काम उरकून तिच्यासाठी बसत होती.

आता एक गोष्ट जी मला या मालिका बघताना नेहमी खटकते. आमच्या भागात सून सासूला 'आत्या' किंवा 'आत्याबाई' म्हणते, सासऱ्याला 'मामा' किंवा 'मामंजी'. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी हेच आहे. तेलुगूतही सासू म्हणजे 'अत्त', सासरा म्हणजे 'मामा', आणि वडिलांची बहीणही 'अत्त'च. माझी आई आजीला 'आत्याबाई' म्हणते, वहिनी माझ्या आईला 'अत्तम्मा' म्हणते. दोन भाषांतल्या दोन सुना, पण हाक एकच. मराठी मालिकांत मात्र सासू नेहमी 'आई', सासरा 'बाबा' किंवा 'अप्पा'. लहानपणी भाचीला त्याचा फार गोंधळ व्हायचा. तेलुगू मालिकेतली सून 'अत्तय्या' म्हणाली की तिला वाटायचं ती आपल्या आत्याशी बोलते आहे, आणि मराठी मालिकेतली सून 'आई' म्हणाली की वाटायचं ही माहेरीच आहे. म्हणजे आमच्या घरातली हाक मुंबईत चित्रित झालेल्या मराठी मालिकेत सापडत नाही, तेलुगू मालिकेत सापडते. आम्ही मराठी आहोत म्हणजे नक्की कुठले, या प्रश्नाचं उत्तर मला या हाकांमध्ये दिसतं.

दीपाच्या रंगाबद्दलही बोललं पाहिजे. 'रंग माझा वेगळा' आणि 'कार्तिक दीपम' दोन्हीकडे गोष्ट सावळ्या मुलीची. रेश्मा शिंदे आणि प्रेमी विश्वनाथ दोघींचं काम मला आवडलं. पण दोघींनाही रंग लावून काळं केलं होतं. रंग महत्त्वाचा नाही हे वर्षानुवर्षं सांगायचं आणि ते सांगण्यासाठी मुळातली सावळी मुलगी घ्यायची नाही, हे कसं? आमच्याकडे पऱ्हाटीच्या वावरात उन्हात उभ्या राहणाऱ्या बाया कोणत्या रंगाच्या असतात ते सांगायला नको. माझी भाची सावळी आहे. एकदा मोबाईलवर रेश्मा शिंदेची मुलाखत लागली, खऱ्या रंगात. भाचीने ती दोनदा थांबवून पाहिली आणि विचारलं, "ही बरी झाली का?" वहिनीने तिला जवळ घेतलं आणि तेलुगूत बरंच काही सांगितलं. मला एवढंच कळलं की बरं व्हायला ती आजारी नव्हतीच. त्यानंतर आमच्या घरी दोन्ही दीपांबद्दलचं प्रेम थोडं कमी झालं.

सध्या घरात चालते ती 'ठरलं तर मग'. डिसेंबर २०२२ पासून सायली आणि अर्जुन आमच्या घरचेच झाले आहेत. कराराचं लग्न खऱ्या लग्नात बदललं, विलासच्या खुनाचा खटला इतका लांबला की आजी म्हणायची, "मी जिवंत असेपर्यंत निकाल लागू दे रे बाबा." २०२५ मध्ये मधुभाऊ निर्दोष सुटले तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. सायलीच खरी तन्वी, हे प्रेक्षकांना पहिल्यापासून माहीत आणि सुभेदारांच्या घरात मात्र बहुतेकांना वर्षानुवर्षं पत्ता नव्हता, या एका गोष्टीवर किती भाग निघावेत याला मर्यादा असावी असं मला वाटतं. एवढा हुशार वकील कोर्टात सगळे पुरावे शोधतो, घरात समोर बसलेली बायको कोण ते त्याला इतकी वर्षं कळलं नाही. तरीही मी बघते. कारण पूर्णा आजी.

पूर्णा आजीचं काम ज्योती चांदेकर करत होत्या. 'मी सिंधुताई सपकाळ' या चित्रपटातल्या उतारवयातल्या सिंधुताई त्याच, आणि त्यात तरुण सिंधुताई झालेली तेजस्विनी पंडित ही त्यांची मुलगी. १६ ऑगस्ट २०२५ रोजी ज्योतीताई गेल्या. बातमी मी ऑफिसात वाचली आणि घरी फोन केला. आजीला सांगायचं की नाही यावर दादा आणि आई यांची चर्चा चालू होती. आमची आजी पंच्याऐंशीच्या पुढे आहे, आणि पूर्णा आजी तिच्यासारखीच हट्टी, तिच्यासारखीच चुकीच्या माणसावर विश्वास ठेवणारी आणि नातवाच्या बाबतीत विरघळणारी. शेवटी वहिनीने सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारलं, "मालिकेत सांगणार का आता, मेली म्हणून?"

मालिकेत तसं काही झालं नाही. काही महिन्यांनी पूर्णा आजी परत आली, वेगळ्या चेहऱ्याने. आता ते काम रोहिणी हट्टंगडी करतात. या बदलाबद्दल माझं मन आधी तयार नव्हतं. ज्या बाईचा आवाज, बसणं, रुसणं आपण जवळपास तीन वर्षं रोज पाहिलं, तिच्या जागी दुसरी बाई बसते आणि घरातली सगळी माणसं काहीच घडलं नसल्यासारखी तिच्या पाया पडतात, हे बघताना पोटात कालवतं. पहिले काही दिवस मला अर्जुनचाच राग आला. अरे, आजी आहे का ही तुझी?

पण आमच्या घरात वेगळंच घडलं. आजीने आवाज ऐकला आणि ती सावरून बसली. "ही तर 'चार दिवस सासूचे'मधली." २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली ती मालिका २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले, आणि आजीने त्यातले किती पाहिले याचा हिशेब नाही. ती वाहिनीही मुळात हैदराबादच्या रामोजी रावांची होती, तेव्हा आमच्याकडच्या लोकांना तिचं वेगळं कौतुक वाटायचं. आजी हे सांगत असताना वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "ही तर सीतारामय्याची बायको!" 'सीतारामय्यागारी मनवरालु' हा १९९१ चा तेलुगू चित्रपट, अक्किनेनी नागेश्वरराव आजोबा आणि रोहिणीताई आजी. वहिनीच्या माहेरी तो टीव्हीवर लागला की घरातलं काम थांबायचं. 'गांधी'मधल्या कस्तुरबा म्हणून जगाने ओळखलेली ही बाई आमच्या एका खोलीत दोघींना दोन भाषांतून ओळखीची निघाली. त्या रात्री जेवणं उशिरा झाली. दोघी आपापली रोहिणी एकमेकींना सांगत बसल्या होत्या.

हे मला आईने फोनवर सांगितलं. आणि मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. भाची त्या खोलीत नव्हती. ती आत मोबाईलवर कानात वायर घालून तीच मालिका पाहत होती, एकटी.

मोबाईलवर हवं तेव्हा हवी ती मालिका दिसायला लागल्यापासून आमचं साडेसातचं भांडण मिटलं आहे. वहिनी तिचं बघते, भाची तिचं, आजी टीव्हीसमोर. शांतता आहे. पण वहिनीचं मराठी त्या भांडणातून आलं होतं हे मी विसरू शकत नाही. भाची सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. मराठी बोलते, तेही अगदी मालिकेतलं. आजी 'वावर' म्हणते, ही 'शेत' म्हणते. आजी 'बिमार' म्हणते, ही 'आजारी'. आजी म्हणाली, "सांजच्याला बंडी येईल," तर ही मला फोनवर विचारते, "आत्या, आजी कधी कधी कुठली भाषा बोलते?" तिला वाटतं आजीचं मराठी चुकीचं आहे, कारण टीव्हीवर तसं कोणी बोलत नाही. आजी गेल्यावर ही हाक, हे शब्द या घरात कोण बोलणार? मालिकेला दुसरी पूर्णा आजी मिळाली. आम्हाला मिळणार नाही.

म्हणून मी भाचीला एक काम दिलं. दर रविवारी आठवड्याच्या भागांची हकीकत मला मराठीत लिहून पाठवायची, हाताने लिहून, फोटो काढून. बदल्यात मी मोबाईलचा रिचार्ज भरते. अट एकच, आठवड्यातला निदान एक भाग आजीजवळ बसून बघायचा आणि आजी काय म्हणाली तेही लिहायचं. लिपी तिला जमते, शाळेत हिंदी आहे. फक्त 'ळ' अडायचा, हिंदीत तो नाही. उच्चार तेलुगूत रोजचा, त्यामुळे पहिल्या चिठ्ठीत तिने 'ळ'च्या जागी सरळ तेलुगू अक्षर काढलं होतं. मला ते इतकं आवडलं की दुरुस्त करायला जीवावर आलं.

त्या पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं: "पूर्णा आजी बदलली. मी आजीला म्हटलं, ही खरी नाही. आजी म्हणाली, चेहरा बदलला तर बदलू दे, घर तेच हाय न. मग आजीने मला विचारलं, सायली हिला काय म्हणते? मी म्हटलं, पूर्णा आजी. आजी म्हणाली, मंग झालं."

आता नऊ चिठ्ठ्या झाल्या आहेत. सातवीपासून हकीकत कमी आणि आजीचं बोलणं जास्त झालंय, कारण भाचीच्या मते मालिकेत सध्या काहीच घडत नाही. यावर माझं आणि तिचं एकमत आहे. मागच्या रविवारच्या चिठ्ठीत 'वावर' हा शब्द होता, अवतरणात नाही, सरळ वाक्यात. ते वाचून मी वहिनीला फोन केला. वहिनी म्हणाली, "मला पण एक वही दे. मी तुलसीचं लिहिते, मराठीत."

तुमच्या घरी संध्याकाळी काय लागतं, आणि ते बघताना तुमची आजी काय म्हणते? मालिका कोणतीही असो, दुसरा भाग लिहून ठेवा.